कोपर दिसलं की मिट बंद

वनिता,

तू गेलीस आणि आपलं भांडण माझ्या गळ्यात अडकवून गेलीस. तेरवीला आलेल्या बायका म्हणत होत्या, रड वं बाई, मोकळी हो. त्यांना काय सांगू? रडायचं आहेच, पण त्याआधी तुझ्याशी एक गोष्ट मिटवायची आहे, आणि तीच आता मिटत नाही. भांडायला दोघी लागतात. तू तर फोटोत जाऊन बसलीस. भाऊजींच्या भाचीच्या लग्नातला तो फोटो, ज्यात तू हसू दाबून उभी आहेस, कारण फोटो काढणाऱ्याच्या मागून मी तुला काहीतरी बोलले होते. काय बोलले ते आता मलाही आठवत नाही.

फोटोपुढे पान वाढलं. वडाभात, कढी, तुझ्या आवडीचं सगळं. तेवढ्यात तुझी तनू आतून तुझं मिट घेऊन आली आणि पानाशेजारी ठेवून दिलं. बॉल पकडायचा तो जाड, गादीसारखा हातमोजा, कॅचरचं मिट, कॅम्प-वनच्या बाजारात जागोजागी शिवून घेतलेलं. तुझ्या चुलत सासूबाई लगेच म्हणाल्या, "अवं पोरी, चामड्याचं आहे ते. पानापाशी नाही ठेवत."

तनू हललीही नाही. शेवटी दिलीप भाऊजी म्हणाले, "राहू द्या, काकू. भातापेक्षा तिले तेच आवडे."

राहिलं मग ते तिथेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या क्वार्टरला आले तर घरात कोणी नव्हतं आणि मागून भिंतीवर बॉल आपटल्याचा आवाज येत होता. तीच गल्ली, क्वार्टरांच्या दोन लाइनींच्या मधली, जिथे समोरून स्कूटर आली तर माणसाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. भिंतीवर तू गेरूने काढलेला चौकोन. तनू त्या चौकोनात बॉल मारत होती. हात पुढून वर गेला, डोक्यावरून गोल फिरून मागे आला, खाली आला, बॉल सुटला, आणि सुटल्यावर कोपर वर, थेट कानापर्यंत.

माझा हात. वनिता, तो माझा हात होता. जसाच्या तसा.

पंधरा-सोळा वर्षांची मी त्या गल्लीत उभी होते आणि मागून मीच तिला पाहत होते, असं वाटलं.

आपण दोघी शाळेच्या टीममध्ये गेलो तेव्हा सॉफ्टबॉल म्हणजे काय हे आपल्या घरच्यांना माहीत नव्हतं. तुझ्या आजीला वाटायचं, बॉल नरम असतो म्हणून ते नाव. मग एकदा तुझ्या नडगीला लागला तेव्हा तिने आपल्या सरांच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. मी बॉल टाकणारी पिचर झाले, तू समोर बसून तो पकडणारी कॅचर. सर हिंदीत ओरडायचे, "कोहनी दिखा, कॅचर को कोहनी दिखा." बॉल मागून पुढे ढकलत आणायचा, खाली मनगट झटकायचं, आणि शेवटी कोपर वर उचलून कॅचरला दाखवायचं. मी दाखवायची. तू समोर बसलेली असायचीस, आणि मैदानाबाहेर येताना म्हणायचीस, "मले बॉल पाहाच लागत नाही वं. तुझं कोपर दिसलं की मी मिट बंद करते."

खरंच करायचीस. तुझ्या हातून माझा बॉल सुटलेला मला आठवत नाही.

मग कॉलेज आलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझ्या बापाने कारखान्यात कोक ओव्हनच्या धगीत उभं राहून मला शिकवलं आणि मी पदवी घेतली, हे मी सांगते आणि सांगत राहीन. तू मला त्यावरून चिडवायचीस. मी दारात आले की आतून आवाज यायचा, "आली वं ग्रॅज्युएट बाई, खुर्ची पुसा." पण कॉलेजच्या मैदानावरच माझा खांदा गेला हेही तुला माहीत होतं. दोरीवर कपडे वाळत घालायला हात वर जात नव्हता, तेव्हा तूच येऊन माझे कपडे वाळत घातलेस आणि वर म्हणालीस, "शिकल्याचा एवढा फायदा तर झाला."

पुढे मी शारीरिक शिक्षणाचा अभ्यास केला, जामुलच्या बाजूला शाळेत पीटी टीचर लागले, आणि तेव्हा मला कळलं की माझ्या खांद्याचं काय झालं होतं. बॉल ढकलत आणला की खांद्याच्या पुढच्या बाजूवर सगळा जोर येतो. बॉल सुटल्यावर तोच हात ताणून कानाशी उचलला की त्याच जागेवर आणखी जोर येतो. हात सैल सोडायचा असतो. दंड बरगडीला घासत यावा, हाताची पुढची बाजू कमरेला हलकीच लागावी, आणि तिथे बॉल आपोआप सुटावा. त्यानंतर हात जाईल तिकडे जाऊ द्यायचा. कोणाला काही दाखवायचं नसतं.

हे मी तुला तुझ्याच स्वयंपाकघरात, हातात बेलन घेऊन, करून दाखवलं होतं. तू पोळ्या शेकत होतीस. तनू तेव्हा नुकतीच बॉल फेकायला लागली होती.

"तुझा खांदा थंडीनं गेला," तू म्हणालीस.

"थंडीनं खांदा जाते का वं?"

"मग का कोपरानं जाते? सगळ्या पोट्ट्या तसंच मारत होत्या."

"सगळ्यांचेच गेले. विचार एकेकीले."

"बेलन ठेव खाली. पीठ सांडून राहिलं." मग तवा उतरवून तू माझ्याकडे वळलीस. "तू स्वतःले कधी पाहिलं, रंजे? नाही पाहिलं. मी पाहिलं. मी समोर बसली होती. तुझ्यासारखा हात त्या मैदानावर दुसरा नव्हता. माझी पोरगी तोच हात शिकंन."

माझ्याबद्दल एवढं चांगलं मला कोणी कधी म्हटलं नव्हतं. ना घरी, ना कॉलेजात, ना शाळेत. पदवीचं कौतुक झालं, पण ते पदवीचं होतं. तू माझं केलंस, आणि नेमकी तीच गोष्ट धरलीस जिने मला खेळातून बाहेर काढलं. मी पोळी खाऊन घरी आले आणि रस्ताभर तुझ्याशी मनात भांडत आले. त्यानंतर जेव्हा जेव्हा हा विषय निघाला तेव्हा तेव्हा आपण तिथेच येऊन थांबलो. मी म्हणायची, हात मोडेल. तू म्हणायचीस, मी पाहिलं आहे.

मग तुझी ती कावीळ. आज उतरेल, उद्या उतरेल करता करता तुझे डोळे हळदीसारखे झाले. दवाखान्यात मी तुझ्या पायाशी बसले होते. तू डोळे मिटूनच बोललीस.

"मी गेली की तू तिचा हात बदलवशील."

"काहीही बोलू नोको."

"मले माहीत आहे ना तू कशी आहे ते. बदलवू नोको, रंजे. तेवढा राहू दे."

तेवढ्यात सलाइन बदलायला सिस्टर आली. मी उठून बाजूला झाले, तुझी चादर नीट केली. ती गेल्यावर तू माझ्याकडे पाहिलंस आणि मग डोळे मिटलेस, जसा काही व्यवहार पक्का झाला. मी हो म्हटलं नव्हतं. पण नाहीही म्हटलं नाही. पिवळ्या डोळ्यांच्या बाईला नाही कसं म्हणतात, ते मला कोणी शिकवलं नाही.

आता ऐक पुढचं.

तेरवीनंतर तनू शाळेत जायला लागली. केस असेच कसेतरी रबरात कोंबलेले. मला वाटलं, वेणी घालणारी गेली, म्हणून. एका सकाळी मी मुद्दाम लवकर आले, वेणी घालून देईन म्हणून. पाहते तर ती आरशासमोर डाव्या हाताने कंगवा फिरवत होती. पोरगी उजवी. मग पाण्याची बाटली डाव्या हाताने उचलली. दप्तर डाव्या हाताने. मी जवळ गेले आणि तिच्या उजव्या खांद्यावर पुढच्या बाजूने बोट दाबलं. तिचा श्वासच अडकला.

"दुखून राहिलं?"

"नाही ना, मावशी. कुछ नहीं."

"मग डोळे कावून भरले?"

"वो तो ऐसे भी भरते हैं, मावशी."

मी वेणी घातली. दुसरं काय करणार होते? माझे हात तिच्या केसांत होते आणि डोक्यात तुझा आवाज, बदलवू नोको. कोणत्या बाजूला वळू? हिला सांगावं की तुझ्या आईने चूक शिकवलं, तर आई नुकती गेलेली, तिचं एवढंच पोरीच्या अंगात उरलेलं. ते मी ओढून काढायचं. न सांगावं, तर एक दिवस हिचे कपडे दोरीवर दुसरं कोणीतरी वाळत घालणार, आणि घालायला तूही नाहीस. राज्याच्या टीमची निवड जवळ आली होती. पोरगी दुखणं लपवून रोज त्या गल्लीत उभी राहत होती, आणि रोज कोपर कानाशी.

भाऊजींशी बोलायला गेले. फर्स्ट शिफ्ट करून आलेले, बूटही काढले नव्हते. मी काही म्हणायच्या आत तेच बोलले, "तुम्ही पाहून घ्या तिचं. मले त्यातलं काही नाही समजत. वनिता म्हणे, आपली पोरगी रंजनासारखी फेकते. एवढंच मले माहीत."

घ्या. सगळीकडून दारं लावून ठेवली होतीस तू.

मग मी शिकलेल्या माणसासारखी पळवाट शोधली. पायमोज्यात बॉल घातला, गाठ मारली आणि तनूला म्हटलं, "हा नुसता व्यायाम आहे. हात सैल सोडायचा, कमरेला लागू द्यायचा." तिने थोडा वेळ केलं. मग थांबली. पोरगी तुझीच.

"मावशी, तुम मम्मीवाला हात बदल रही हो ना?"

मी तिचं मनगट पुन्हा कमरेशी नेऊ लागले.

"मम्मीने सांगितलं होतं. बोली थी, मावशी बदलेगी, तू मत बदलना."

तिने मोजा माझ्या हातात दिला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी त्या गल्लीत, दोन भिंतींच्या मध्ये, हातात मोजा घेऊन उभी. वनिता, त्या दिवशी मी तुला मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहीत नाही. मेलेल्या माणसाला तसं बोलू नये म्हणतात. पण तू पोरीलाही सांगून ठेवावंस? माझ्यावर एवढासाही भरवसा नव्हता? की उलट, पूर्ण भरवसा होता की मी हे करणारच?

पुढचे काही दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मीही रोज येत राहिले, वेणीच्या निमित्ताने. एकदा असंच मी म्हटलं, "भिंतीवर किती दिवस मारशील? भिंत काही सांगते का?"

"पकडनेवाला कौन है?"

"मी बसते."

"तुमको आता है?"

"तुझ्या मम्मीला येत होतं, मग मला कावून नाही?"

फोटोखालून मी मिट उचललं. आत हात घातला तर तुझ्या बोटांचे खळगे तसेच. माझी बोटं थोडी लांब, ती टोकाशी अडकली. गेरूच्या चौकोनाला पाठ करून मी उकिडवी बसले. गुडघे कटकट वाजले, ते ऐकून तनूच्या तोंडाचा कोपरा हलला. मग तिने फेकला.

आणि मला दिसलं, वनिता.

त्या जागेवरून बाकी काहीच दिसत नाही. हात खाली येतो तो पायाच्या आड येतो. बॉल सुटतो ते कळत नाही. जोराने येणारा बॉल म्हणजे नुसती एक पांढरी रेघ. स्पष्ट दिसतं ते एकच, वर येणारं कोपर. एखाद्या पक्ष्याने पंख उचलावा तसं. तू हट्टी नव्हतीस. तू जे पाहिलंस तेच शिकवलंस. समोर बसून तुला माझ्या पिचिंगचा तेवढाच भाग दिसत होता, आणि तो नेमका बॉल सुटून गेल्यानंतरचा होता.

आणि आणखी एक. तू खरं बोलत होतीस. सुंदर दिसतं ते. माझा हात मी पहिल्यांदा समोरून पाहिला, तुझ्या जागेवर बसून, तुझ्या पोरीच्या अंगावर. आधीच अडकलेली मी, त्यात हे. आता तर मलाही तो जाऊ द्यावासा वाटेना.

दुसऱ्याच बॉलला तनूने फेकता फेकता ओठ चावला. तो बॉल मी पकडला आणि उठले. म्हटलं, "आता तू बस इथं. मी टाकते."

"तुमचा खांदा?"

"एक टाकते. नीट पाहा आणि सांग, कोपर वर आलं तेव्हा बॉल कुठं होता."

किती वर्षांनी मी तो हात फिरवला. हळूच टाकला, पण कोपर पूर्ण उचललं, सर सांगायचे तसं, तुला दाखवायची तसं. खांद्यात कळ उठली ती कानापर्यंत गेली. तनूने बॉल पकडला आणि तशीच बसून राहिली.

"मम्मी ये देखती थी?"

"हो. हेच."

"अच्छा दिखता है."

"मी विचारलं काय होतं?"

तिने मिटमधल्या बॉलकडे पाहिलं. "बॉल तर आधीच निघून गेला होता."

भिंतीला टेकून खांदा धरून उभी राहिले. तीच म्हणाली, "मावशी, मम्मी गलत थी?"

हाच प्रश्न. एवढे दिवस मी यालाच टाळत होते. मी म्हटलं, "तुझ्या मम्मीने जे पाहिलं ते खरंच पाहिलं. माझ्याकडे तिच्याइतकं नीट कोणी पाहिलं नाही. पण ती समोर बसली होती, बेटा. दुखत कुठं होतं ते समोरून दिसत नाही."

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली की दुखतं. तू दवाखान्यात असल्यापासून दुखत होतं. तुला कळू नये म्हणून बोलली नाही.

तिला डॉक्टरकडे नेलं. त्याने हात बांधून ठेवला नाही, पण काही दिवस बॉलला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. म्हणजे यावेळची निवड गेली. भाऊजींना मी सांगितलं तेव्हा ते तुझ्या फोटोकडे पाहायला लागले. मग म्हणाले, "ती असती तर निवडीले गेली असती पोरगी." मी म्हटलं, "हो, गेली असती." ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तसं करू." त्यांच्या आवाजात राग होता की नाही ते मला कळलं नाही. अजूनही कळत नाही. मी चहा न घेताच निघाले.

तुझा शब्द मी मोडला, हे लिहून ठेवते. दिला नव्हता असं म्हणून सुटता येईल, पण तशी सुटका मला नको. तू असतीस तर मी तुला पटवलं असतं, निदान तू मला बेलन फेकून मारलं असतंस. आता मी जिंकले तरी हरायला समोर कोणी नाही.

काल डॉक्टरने हळूहळू टाकायला परवानगी दिली. मी मिट घालून बसले, तनू जवळच उभी राहिली. हात सैल. दंड बरगडीशी. मी नीट वाट पाहत होते. आणि बॉल सरळ येऊन माझ्या गळ्याखालच्या हाडावर बसला. एवढा हळू टाकलेला बॉल, लहान पोरालाही पकडता आला असता.

तनू धावत आली. "लगा क्या? पकडा क्यों नहीं?"

"मी कोपराची वाट पाहत होती," मी म्हटलं.

तिने तोंडावर हात ठेवला. खांदे हलायला लागले. तू त्या फोटोत दाबून ठेवलेलं हसू तिला दाबता येईना. घरात तुझ्यानंतर कोणी हसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. हसता हसता रडली, मग नाक पुसून पुन्हा आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

"मावशी, कोपर नको पाहू," ती म्हणाली, "माझ्या कमरेकडे पाहा."

मी पाहिलं. बॉल हळू टाकला तर दिसतो, वनिता. हात कमरेला लागतो, बोटं उघडतात आणि बॉल निघतो, अगदी स्पष्ट दिसतो. तुला तो कधी दिसला नाही, कारण तुझ्याकडे मी कधी हळू टाकलाच नाही.